टोकियोत रात्री याकिनिकु: शेगडी तुमच्या पुढ्यात, घड्याळ तुमच्या मागे

याकिनिकुच्या, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या, दुकानात स्वयंपाकघर अर्धंच काम करतं. मांस साफ करणं, कापणं, चरे देणं, तारे म्हणजे सोया सॉसच्या गोडसर रसात घोळवणं, एवढं झालं की ताटली कच्चीच टेबलावर येते. भाजायचं तुम्ही. त्यामुळे त्याच दुकानात, त्याच पैशांत शेजारचं टेबल खरपूस खात असतं आणि नवखं टेबल बाहेरून कोळसा, आतून कच्चं असं काहीतरी चघळत असतं. रात्री दहानंतर यात थकवा, बिअर आणि शेवटच्या गाडीची धाकधूक यांचीही भर पडते.

हा लेख बीफ खाणाऱ्यांसाठी आहे, त्यातही होरुमोन म्हणजे आतडी-पोट-काळीज या भागाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी. मटणाची वजडी घरात शिजते आणि भेंडीबाजारातल्या खिरी-कलेजीच्या शिगा ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना चवीचा धक्का बसणार नाही. भाजण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागते.

आधी वेळ ठरवा, मग दुकान

टोकियोच्या गाड्या रात्रभर चालत नाहीत. बहुतेक मार्गांवर शेवटची गाडी, शूदेन, मध्यरात्रीनंतर लवकरच सुटते आणि पहिली साडेचार-पाचच्या सुमारास. मार्च २०२१ मध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने आपल्या बऱ्याच मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या साधारण अर्धा तास अलीकडे आणल्या, त्यामुळे जुन्या माणसाने सांगितलेली वेळ धरून बसू नका. टोकियोच्या पूर्वेकडच्या निशिकासाईला राहणाऱ्या मराठी मंडळींची नेहमीची चूक वेगळीच असते. ते शिंजुकूहून सुटणारी शेवटची गाडी बघतात, पण ईदाबाशीला बदलायची तोझाई लाइनची शेवटची गाडी मिळेल का, हे बघत नाहीत. ॲपमध्ये घरापर्यंतचा पूर्ण प्रवास टाकून शेवटची जुळणी बघा आणि तिच्याआधी वीस मिनिटं दुकानातून उठा. फुनाबोरीला राहणाऱ्यांना शिंजुकूहून तोएई शिंजुकू लाइन थेट आहे, त्यांचं बरं.

गाडी चुकली तर टॅक्सी. रात्री दहा ते पहाटे पाच भाड्यावर २० टक्के जादा लागतात. शिंजुकूहून निशिकासाईपर्यंतचा आकडा सात-आठ हजार येनांच्या घरात जातो, म्हणजे जेवणापेक्षा जास्त.

दुकानाच्या पाटीवर वेळ २५:०० किंवा २७:०० अशी दिसली तर ती छपाईची चूक नाही. २५ म्हणजे रात्री एक, २७ म्हणजे पहाटे तीन. पण ही दुकान बंद होण्याची वेळ. मांसाची शेवटची ऑर्डर, रास्तो ओदा, त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. काही दुकानं दहा वा बारानंतर बिलावर साधारण १० टक्के रात्रीचा आकार लावतात. तो मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

नीट जेवायला दोन तास लागतात. म्हणून एकतर साडेनऊपर्यंत आत शिरा आणि साडेअकराला उठा, नाहीतर बारानंतर पहाटेपर्यंत उघड्या दुकानात जाऊन पहिल्या गाडीपर्यंत रमतगमत बसा. अकराला शिरणं सगळ्यात वाईट. कोळसा नीट पेटतो तोच तुम्ही घड्याळ बघायला लागता, आणि मग घाईघाईत सगळं एकदम जाळीवर पडतं.

दुकान कोणतं

नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. शिंजुकूच्या ओमोइदे योकोचोसारख्या गल्ल्यांत काड्यांना टोचून भाजलेलं जे मिळतं ते बहुतेक याकितोन किंवा मोत्सुयाकी, म्हणजे डुकराचे भाग, आणि तेही दुकानदारच भाजून देतो. बीफची आतडी स्वतः भाजायची असतील तर पाटीवर याकिनिकु किंवा होरुमोन शोधा. होरुमोन लिहिलेल्या दुकानातही काही भाग डुकराचे असतात, म्हणून डुक्कर चालत नसेल तर ‘ग्यू’ म्हणजे बैल-गाय, ‘बुता’ म्हणजे डुक्कर हे दोन शब्द पाठ हवेत.

साखळी दुकानांत ताबेहोदाइ मिळतं: ९० किंवा १२० मिनिटं हवं तेवढं. शिकायला ते स्वस्त वाटतं, पण होरुमोनसाठी ते आम्ही सुचवणार नाही. आतडी एका दिवसात उतरतात आणि तिथे ती बहुधा गोठवलेली असतात. शिवाय ताटात उरवलं तर दंडही लागू शकतो. एकटे असाल तर प्रत्येकाला छोटी शेगडी देणारी दुकानं आहेत. याकिनिकु लाइकने २०१८ मध्ये शिंबाशीत हा प्रकार सुरू केला आणि तो रुजला.

खरी मजा लहान, धुरकट, शिचिरिनच्या दुकानात. शिचिरिन म्हणजे डायटोमाइट मातीची कोळशाची शेगडी, टेबलावर ठेवलेली. ही माती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे मूठभर निखाऱ्यांत काम भागतं. उएनो-ओकाचिमाचीचा परिसर कोरियन वंशाच्या लोकांच्या जुन्या दुकानांसाठी ओळखला जातो. याकिनिकुची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियन वंशाच्या लोकांनीच जपानात रुजवली. कारुबी हा शब्दसुद्धा कोरियन ‘गाल्बी’वरून आला, म्हणजे फासळी. शिनागावा स्टेशनजवळ टोकियोचा मोठा मांसबाजार आहे, शिबाउरा नावाने ओळखला जाणारा. चांगली दुकानं सकाळी तिथूनच आतडी आणतात. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, म्हणून होरुमोनसाठी मंगळवार ते शुक्रवारची रात्र बरी आणि रविवारची सगळ्यात लंगडी. रविवारी गेलात तर तान, हारामी, कारुबी खा (नावांचा अर्थ पुढे येतोच).

शिंजुकूच्या काबुकिचोत रस्त्यावर गाठून “स्वस्त याकिनिकु, या” म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तुम्ही विचारलेलं दुकान “आज भरलंय” असं सांगून हे लोक दुसरीकडे नेतात आणि बिल फुगतं. चांगल्या होरुमोन दुकानाला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही.

मुलं बरोबर असतील तर दारावरची पाटी बघा. एप्रिल २०२०च्या नियमानंतरही काही लहान दुकानांत सिगारेट चालते आणि जिथे चालते तिथे २० वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत.

मेनूतली नावं

तान म्हणजे जीभ. हारामी म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, श्वासपटल. (चार मराठी माणसांच्या टेबलावर हा शब्द मोठ्याने उच्चारला की पाच मिनिटं वाया जातात, तेवढी धरून चाला.) दिसायला आणि चवीला हारामी लाल मांसासारखीच, पण जपानी बाजारात तिची गणना होरुमोनमध्ये होते. आतड्यांना नाक मुरडणाऱ्याला आधी हारामी खाऊ घाला. कारुबी फासळीकडचं चरबीदार मांस, रोसु पाठीकडचं.

मग पोट. बैलाला चार कप्पे: मिनो पहिला, जाड आणि पांढरा. हाचिनोसु दुसरा, नावाप्रमाणे मधाच्या पोळ्यासारखा. सेनमाइ तिसरा, ‘हजार पानं’. गिआरा चौथा, लालसर आणि चरबी धरलेला. आपल्या वजडीत हेच कप्पे असतात, बोकडाचे. लहान आतडं उलटं करून, चरबी आत ठेवून गोल तुकडे केले की मारुचो, उभं चिरून उघडलं की कोपुचान. मोठं आतडं म्हणजे शिमाचो, काही दुकानांत तेच्चान. हात्सु हृदय, रेबा काळीज, मामे गुर्दा. ‘मामे’ म्हणजे घेवड्याची शेंग नव्हे, तिच्यातला दाणा. आकार बघितला की नाव पटतं.

बीफच्या दर्जाच्या ए५ या अक्षर-आकड्याला भुलू नका. ‘ए’ हा जनावरातून किती मांस निघालं याचा दर्जा, त्याच्याशी व्यापाऱ्याचा संबंध. खाणाऱ्यासाठी फक्त ५ कामाचा, तो चरबीची जाळी, रंग, घट्टपणा यांवरून ठरतो. होरुमोनला हा दर्जा लागूच नाही. आणि मध्यरात्री ए५चे चार तुकडे झाले की तूप प्यायल्यासारखं होतं. दोघांत एक ताटली बास.

किती आणि कोणत्या क्रमाने

एक ताटली, इचिनिनमाए, साधारण ८० ते १०० ग्रॅम. दोघांची सुरुवात अशी करा: तान-शिओ म्हणजे मिठातली जीभ एक, हारामी एक, कारुबी एक, होरुमोन मोरिआवासे म्हणजे मिश्र ताटली एक, किमची (तिखट आंबवलेली कोरियन कोबी) आणि भाताची एक-एक वाटी. अर्धा भात हवा तर ‘हान राइसु’. एवढं संपल्यावर आवडलं ते पुन्हा सांगा. माणशी २५० ते ३०० ग्रॅम मांस भरपूर होतं. पेय धरून मध्यम दुकानात चार ते सहा हजार येन.

बसल्या बसल्या न मागवता एखादी वाटी कोबी किंवा किमची आली तर ती ओतोशी, तिचे तीनशे-पाचशे येन बिलात लागतात. ती बसण्याची फी समजा, वाद घालू नका.

ऑर्डर देताना वेटर विचारतो: शिओ की तारे? मीठ की सॉस? मीठवालं आधी, सॉसवालं नंतर, मिसोवालं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यातलं, सगळ्यात शेवटी. कारण साखर. तारे आणि मिसोतली साखर जाळीवर करपून कडू थर धरते, आणि त्यावर नंतर जीभ ठेवली तर तिला तो कडवटपणा चिकटतो. चरबीदार आतडीही मागे ठेवायची, कारण त्यांच्या चरबीने आगीचे लोळ उठतात.

जाळीवर

चिमटा कच्च्यासाठी, चॉपस्टिक खाण्यासाठी. चॉपस्टिकने कच्चं उचलायचं नाही, चिमट्याने शिजलेलं वाढायचं नाही. एकच चिमटा दिला असेल तर दुसरा मागा. पोट बिघडण्याचं कारण बऱ्याचदा हा चिमटाही असतो.

जाळी तापू द्या. तळहात जाळीच्या वर एक वीत धरा. तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला की तयार. थंड जाळीवर मांस चिकटतं आणि उलटताना फाटतं. मिळाला असेल तर चरबीचा गोळा आधी जाळीवरून फिरवा. मध्ये आच तिखट, कडेला मंद. ही एक मधली आणि एक कडेची जागा कायम मोकळी ठेवा. शिचिरिनच्या तळाशी लहान खिडकी असते, उघडली की आच वाढते, लावली की उतरते. बरेच जण ती शेवटपर्यंत बघतच नाहीत.

एका वेळी माणशी दोन-तीन तुकडे, त्याहून जास्त नाही. सगळी ताटली ओतली तर जाळी थंड पडते, रस सुटतो आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं.

पातळ तान, दोन-तीन मिलिमीटरची: कडा आकसून वर पाण्याचे थेंब दिसले की उलटा, दहा सेकंद, उचला, लिंबू पिळा. वर चिरलेल्या कांदापातीचा ढीग असेल तर उलटायचं नाही. एकच बाजू भाजून करंजीसारखी दुमडायची आणि कडेला क्षणभर ठेवायची. उलटलात तर कांदा निखाऱ्यांत गेलाच.

कारुबी: मधल्या आचेवर, एकदाच उलटायची. पहिल्या बाजूला अर्धं मिनिट ते चाळीस सेकंद, दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मं. हारामी सेंटिमीटरभर जाड असते, ती मात्र वारंवार उलटा आणि शेवटी कडेला मिनिटभर विसावू द्या. लगेच चावली तर सगळा रस ताटलीत.

मिनोजवळ मराठी माणूस हमखास फसतो. आपली वजडी कुकरला पाच-सहा शिट्ट्या घेऊन मऊ होते, म्हणून इथेही ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत मिनो जाळीवर राहतो. पण पोटाचा चिवटपणा पाण्यात आणि वेळाने सुटतो, कोरड्या आचेवर तो उलट वाढतो. मिनो मऊ व्हायचाच नसतो, तो कुरकुरीत खायचा असतो. दुकानाने मुद्दाम आडवे-उभे चरे दिलेले असतात. मध्यम आचेवर ठेवा. चरे उमलतात, टोकं वर वळतात, तुकडा काचेसारखा होता तो दुधी पांढरा होतो आणि कडेला सोनेरी डाग येतात. तीन-चार मिनिटं. दाताखाली कच्चकन तुटला पाहिजे. रबरासारखा ताणला जात असेल तर तो मिनिटभर जास्त राहिला.

शिमाचो आणि कोपुचान: एक बाजू गुळगुळीत सालीची, दुसरी चरबीची. साल खाली ठेवून सुरुवात. एकूण वेळाचा रुपयात बारा आणे वाटा सालीला, चार आणे चरबीला. साल तांबूस होऊन किंचित फुगली की उलटा, चरबीच्या कडा खरपूस झाल्या की काढा. आधीच चरबीची बाजू खाली टाकली तर ती वितळून निखाऱ्यांत जाते, भडका उठतो आणि हातात नुसती साल उरते. मारुचोला बाजूच नसते. चरबी आत असल्याने तो कडेच्या आचेवर लोळवत राहायचा, चारही अंगांनी रंग येईपर्यंत. काढल्यावर अर्धं मिनिट थांबा, आतली चरबी उकळत असते. भज्याच्या आतल्या वाफेने जीभ पोळते त्याच्या दुप्पट पोळेल.

सेनमाइ बहुतेक उकडून, थंड आणि आंबट-तिखट मिसोबरोबर येते. ती भाजायची नाही, तशीच खा.

भडका उठला तर घाबरून पाणी ओतू नका, राख उडून सगळ्या ताटल्यांवर बसते. मांस कडेला सरकवा. होरुमोन दुकानं एका वाटीत बर्फ देतात तो पिण्याच्या ग्लासासाठी नसतो: खडा चिमट्याने जाळीवर, भडक्याच्या जागी ठेवायचा. दर तीन-चार ताटल्यांनंतर किंवा काळा थर दिसला की ‘आमी कोकान ओनेगाइशिमास’, जाळी बदला. बहुतेक दुकानांत याचे पैसे पडत नाहीत आणि भिडेपोटी न मागणाऱ्यांचं मांसच कडू लागतं. तासाभराने निखारे राखेखाली झाकोळतात, तेव्हा ‘सुमि’ म्हणून कोळसाही मागा.

कच्चं म्हणजे कच्चंच

‘काळीज वरवर शेकून खा, तेच खरं’ असं शेजारचे दर्दी सांगतील. ऐकू नका. एप्रिल २०११ मध्ये एका याकिनिकु साखळीत युक्के, म्हणजे कच्चं चिरलेलं बीफ, खाऊन पाच जण दगावले. त्यानंतर कच्च्या बीफचे नियम कडक झाले आणि १ जुलै २०१२ पासून बीफचं काळीज कच्चं विकायला बंदी आली, कारण घातक ई. कोलाय जंतू काळजाच्या पृष्ठभागावरच नव्हे तर आतही सापडतात. २०१५ मध्ये डुकराच्या मांसालाही तीच बंदी लागली. रेबाबरोबर तिळाचं तेल आणि मीठ आलं तरी ते भाजल्यावर बुडवण्यासाठी आहे.

सरकारी माप असं: तुकड्याच्या मध्यभागी ७५ अंश, एक मिनिट. टेबलावर थर्मामीटर नसतो, म्हणून अंधारात फोनचा दिवा लावून एक तुकडा कात्रीने कापून बघा. काळजात गुलाबी छटा दिसता कामा नये. सगळी आतडी, हृदय, काळीज पूर्ण शिजवायचं. हारामीत मधोमध थोडा लालसरपणा लोक चालवून घेतात, पण होरुमोनमध्ये ती सवलत नाही. स्वस्त दुकानातलं चौकोनी ‘साइकोरो स्टेक’ही आतपर्यंत शिजवा. ते बऱ्याचदा बारीक तुकडे जोडून बनवलेलं असतं, म्हणजे बाहेरचे जंतू आत गेलेले असतात. ग्लास तिसरा-चौथा झाला की या बाबतीत नजर ढिली पडते. टेबलावर न पिणारा कोणी असेल तर चिमटा त्याच्या हातात द्या.

गटात बीफ न खाणारे असतील तर

जाळी सामाईक असते, आणि चिकन-पोर्क मागवलं तरी बीफची चरबी त्याला लागणारच. वेगळी जाळी मागता येते, पण त्याच निखाऱ्यांवर. ज्यांना हे चालत नाही त्यांना ओढून नेऊ नका. त्या रात्री सगळ्यांनी जिंगिसुकानला जावं: होक्काइदोची, घुमटासारख्या तव्यावर मेंढीचं मांस भाजायची पद्धत, टोकियोत तिची भरपूर दुकानं आहेत. हलाल याकिनिकुही मिळतं, पण ती दुकानं रात्री लवकर बंद होतात का, ते आधी विचारा. शुद्ध शाकाहारी मित्राला मात्र कोबी आणि भातावर दोन तास बसवणं हा छळ आहे.

उठताना

शेवटी रेइमेन म्हणजे थंड रश्श्यातल्या चिवट शेवया, किंवा कुप्पा म्हणजे गरम रश्श्यातला भात. चरबीनंतर रेइमेनचा आंबटपणा बरा वाटतो, पण मांसाची शेवटची ऑर्डर घेतात तेव्हाच ती सांगून ठेवा.

‘ओकाइकेइ’ म्हटलं की बिल. टिप नसते. टीटीएमएम करायचं तर बाहेर येऊन आपापसात करा, बऱ्याच लहान दुकानांत वेगवेगळी बिलं किंवा कार्ड चालत नाही. माणशी पाच-सहा हजार रोख जवळ असू द्या.

आणि वास. बसतानाच कोट-बॅग आसनाखालच्या पेटीत किंवा दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत टाका, वेटर नाही बोलला तरी विचारा. लोकरी कपडे त्या दिवशी घालूच नका, कापसाचे घाला. दाराशी वासाचा फवारा ठेवलेला असतो, तो पाठीवरही मारून घ्या. घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि त्याच वाफेच्या न्हाणीघरात कोट रात्रभर टांगा. कपाटात ठेवलात तर शेजारचे चार कपडेही सोमवारी ऑफिसात होरुमोनचा वास घेऊन येतील.